तार एक, बिले दोन

मुंबईच्या उपनगरांतील चाळींत किंवा गृहनिर्माण संस्थांत पक्षाचा कार्यकर्ता गेला की रेशन, पाणी आणि भाडे यांच्या जोडीला आणखी एक प्रश्न त्याच्यापुढे हमखास मांडला जातो. विजेची कंपनी बदलावी की आहे तीच ठेवावी? प्रश्न विचारणाऱ्या गृहिणीच्या हाती महिन्याचे बिल असते. शेजारच्या बिऱ्हाडाने कंपनी बदलली आणि बिल उतरले, असे तिने ऐकलेले असते. वरच्या मजल्यावरचे कुटुंब बदल करून पस्तावले आणि पुन्हा जुन्या कंपनीकडे परतले, हेही तिच्या कानी आलेले असते. यावर कार्यकर्त्याकडून बहुधा दोनपैकी एक उत्तर मिळते. दोन्ही कंपन्या भांडवलदारांच्याच, तेव्हा दगडापेक्षा वीट मऊ यापलीकडे त्यांत फरक नाही, असे एक सांगतो. ज्याला जे परवडेल ते त्याने करावे, हा घराघराचा प्रश्न आहे, असे दुसरा सांगतो. पहिल्या उत्तराने त्या बाईच्या हातातील बिलाचा हिशेब लागत नाही. दुसऱ्या उत्तराने तिच्या बिलाचा शेजारणीच्या बिलाशी असलेला संबंध नजरेआड होतो. वीजपुरवठ्याच्या अर्थकारणाचे मर्म नेमके या संबंधात आहे. म्हणून या प्रश्नाचा थोडा मुळापासून विचार करणे अगत्याचे आहे.

भारतात सर्वसामान्य घराला वीजपुरवठादार निवडण्याची मुभा जवळजवळ कोठेच नाही. मुंबईत ती आली, त्याला या शहराचा विशिष्ट इतिहास कारण आहे. दक्षिण मुंबईत विजेचा पुरवठा करण्यासाठी १९०५ साली बॉम्बे इलेक्ट्रिक सप्लाय अँड ट्रामवेज कंपनी स्थापन झाली. ७ ऑगस्ट १९४७ रोजी ती महापालिकेच्या मालकीची झाली आणि ‘बेस्ट’ या नावाने नागरिकांच्या जीवनाचा भाग बनली. उपनगरांसाठी १९२९ साली बॉम्बे सबर्बन इलेक्ट्रिक सप्लाय ही वेगळी कंपनी निघाली. टाटांच्या कंपन्यांनी सह्याद्रीच्या माथ्यावर धरणे बांधून खोपोली, भिवपुरी आणि भिरा येथे जलविद्युत केंद्रे उभारली. त्यांतील खोपोलीची वीज १९१५ साली मुंबईच्या कापड गिरण्यांना मिळू लागली. दीर्घ काळ टाटांचा व्यवसाय गिरण्या, रेल्वे आणि इतर वितरण कंपन्या यांना घाऊक वीज विकण्याचा होता. घरोघरी वीज पोहोचविणे हे बेस्टचे आणि उपनगरी कंपनीचे काम राहिले. भांडुप आणि मुलुंड हा भाग राज्य वीज मंडळाकडे होता व आज तो महावितरणकडे आहे.

२००३ साली दोन गोष्टी घडल्या. उपनगरी कंपनी रिलायन्स समूहाच्या ताब्यात गेली, आणि नवा विद्युत कायदा अमलात आला. या कायद्याच्या १४व्या कलमाने एकाच क्षेत्रात एकाहून अधिक वितरण परवाने देण्याची वाट मोकळी केली; मात्र दुसऱ्या परवानाधारकाने आपले जाळे स्वतः उभारावे, अशी अट घातली. टाटांच्या जुन्या परवान्यात किरकोळ ग्राहकांना वीज विकण्याचा अधिकार अंतर्भूत आहे की नाही, यावर दोन उद्योगसमूहांत खटला चालला. ८ जुलै २००८ रोजी सर्वोच्च न्यायालयाने तो टाटांच्या बाजूने निकालात काढला. त्यानंतर ऑक्टोबर २००९ मध्ये राज्य वीज नियामक आयोगाने परवानगी दिली की, उपनगरातील ग्राहकाने वीज टाटांकडून घ्यावी, ती त्याच्या घरी रिलायन्सच्याच तारांतून यावी, आणि तारांच्या वापराबद्दल त्याने वहन आकार द्यावा. काही लाख कुटुंबांनी पुढील काळात या मुभेचा उपयोग केला. २०१८ च्या ऑगस्टमध्ये रिलायन्सचा हा सारा व्यवसाय अदानी समूहाने विकत घेतला. सुमारे ३० लाख ग्राहकांचा पुरवठादार अशा रीतीने बदलला, आणि त्या बदलासाठी त्यांपैकी एकाचीही संमती विचारली गेली नाही. ग्राहकाच्या निवडीचे गोडवे गाणाऱ्या व्यवस्थेत मालकाची निवड ग्राहकाच्या हाती नसते, हे येथे ध्यानी घेतले पाहिजे.

आता कंपनी बदलली म्हणजे नेमके काय बदलते? वाण्याच्या दोन दुकानांतील तांदूळ निराळा असू शकतो. विजेचे तसे नाही. सर्व केंद्रांची वीज एकाच जाळ्यात ओतली जाते आणि तेथून ती सर्वांच्या घरी वाहते. टाटांची वीज एका खोलीत आणि अदानींची दुसऱ्या खोलीत, अशी वाटणी तारेमध्ये होत नाही. १२ ऑक्टोबर २०२० च्या सकाळी मुंबईकरांनी याचा अनुभव घेतला. शहराबाहेरून वीज आणणाऱ्या वाहिन्या आणि पाठोपाठ शहरातील केंद्रे बंद पडली, लोकलगाड्या जागच्या जागी थबकल्या, आणि बेस्टचा, टाटांचा व अदानींचा ग्राहक एकाच वेळी अंधारात गेला. कोणी कोणाचे बिल भरत होते याला त्या क्षणी काडीचाही अर्थ उरला नव्हता. जुन्याच तारेवर राहून कंपनी बदलणाऱ्या कुटुंबाच्या तारेची निगा आणि बिघाडाची दुरुस्ती जुन्या कंपनीकडेच राहते. तात्पर्य, बदलतो तो हिशेब. वीज कोणत्या केंद्राकडून कोणत्या भावाने खरीदली, तिच्यावर कोणता आकार लावला आणि पैसे कोणाच्या तिजोरीत गेले, एवढाच फरक पडतो.

हा हिशेब एका कंपनीला स्वस्त आणि दुसरीला महाग का पडला? कार्यक्षमतेचे बक्षीस म्हणून तो स्वस्त पडतो, अशी बाजारनिष्ठ अर्थशास्त्राची धारणा आहे. मुंबईत मात्र २००९ साली टाटांचे दर कमी असण्याचे एक ठळक कारण इतिहासात होते. त्यांच्या जलविद्युत केंद्रांचा भांडवली खर्च कित्येक दशकांपूर्वी वसूल झालेला होता. पाण्याला कोळशासारखी किंमत मोजावी लागत नाही. ही धरणे बांधली जात असताना मुळशी पेट्यातील शेतकऱ्यांच्या जमिनी पाण्याखाली गेल्या. त्यांच्यासाठी १९२१ साली सेनापती बापटांच्या नेतृत्वाखाली मुळशीचा सत्याग्रह उभा राहिला. धरण झाले आणि मावळे विस्थापित झाले. पूर्वेकडे भीमेला मिळणारे पाणी पश्चिमेकडे वळविले गेले, आणि त्या पाण्याच्या बळावर निर्माण झालेली स्वस्त वीज ही पुढे स्पर्धेच्या बाजारातील एका कंपनीची जमेची बाजू ठरली. ज्या संपत्तीची खरी किंमत मावळातील कुणब्यांनी मोजली, तिचा लाभ कोणाला आणि कोणत्या न्यायाने मिळावा, हा सार्वजनिक प्रश्न होता. त्याचे रूपांतर दोन कंपन्यांच्या दरपत्रकांतील फरकात करण्यात आले.

स्वस्त वीज प्रथम कोणाला विकावी, याचाही विचार कंपनी करते. भारतातील वीजदर टप्प्यांचे आहेत. कमी वापरणाऱ्या घराला कमी दर, जास्त वापरणाऱ्याला चढता दर, आणि व्यापारी व औद्योगिक ग्राहकाला त्याहून निराळा. वरच्या टप्प्यातून मिळणाऱ्या जादा उत्पन्नातून खालच्या टप्प्याचा दर आवाक्यात ठेवला जातो. म्हणजे दरपत्रकाच्या आत एक लहानसा प्रगतिशील कर दडलेला असतो. आता एक कल्पित उदाहरण घ्यावे. एका कंपनीकडे १०० कुटुंबे आहेत. त्यांतील ८० कुटुंबे महिन्याला प्रत्येकी १०० युनिट वापरतात आणि युनिटला ३ रुपये देतात. उरलेली २० कुटुंबे प्रत्येकी ६०० युनिट वापरतात आणि ९ रुपये देतात. एकूण विक्री २०,००० युनिट, उत्पन्न १,३२,००० रुपये. म्हणजे सरासरी ६ रुपये ६० पैसे, आणि तोच खर्च आहे असे समजू. दुसरी कंपनी येते आणि मोठ्या २० कुटुंबांना ८ रुपयांचा भाव देऊ करते. खर्च तेवढाच असला तरी तिला भरघोस नफा आहे. त्यांतील १० कुटुंबे निघून गेली, तर पहिल्या कंपनीकडे १४,००० युनिटांची विक्री आणि ७८,००० रुपयांचे उत्पन्न उरते. खर्च मात्र ९२,४०० रुपये होतो. १४,४०० रुपयांची ही तूट उरलेल्या युनिटांवर सारखी वाटली, तर प्रत्येक युनिटमागे सुमारे १ रुपया ३ पैसे वाढतात. ज्या लहान कुटुंबाचे बिल ३०० रुपये होते, त्याला आता सुमारे ४०३ रुपये भरावे लागतात. त्या कुटुंबाने एक दिवाही जास्त लावलेला नाही. दहा सुस्थित घरांनी आपापल्या सोयीचा निर्णय घेतला, एवढेच घडले. साय एकाने खावी आणि पातळ ताकावर दुसऱ्याने दिवस काढावेत, असा हा व्यवहार आहे.

उदाहरण कल्पित असले तरी भय कल्पित नव्हते. स्थलांतर सुरू झाल्यावर मागे राहणाऱ्यांवरील बोजाचा प्रश्न आयोगापुढे आला. २०११ साली आयोगाने कंपनी बदलणाऱ्या ग्राहकांवर क्रॉस सबसिडी अधिभार बसविला, म्हणजे सोडून जाणाऱ्याने मागच्यांच्या दरासाठी आपला वाटा द्यावा अशी तजवीज केली. २०१२ साली आयोगाने आणखी पुढे जाऊन ठरविले की, काही काळ महिन्याला ३०० युनिटांपर्यंत वापर असलेल्या घरगुती ग्राहकांनाच टाटांकडे वळता येईल. मोठे ग्राहक वेचून घेतले जात आहेत, या तक्रारीचीच ती कबुली होती. अपिलीय न्यायाधिकरणापुढे हा निर्बंध टिकला नाही. पण त्यामागील प्रश्न आजही कायम आहे. एकाच रस्त्याखाली दोन कंपन्यांनी तारा टाकल्या तर त्याचा दुहेरी भांडवली खर्च अखेरीस ग्राहकाच्याच बिलात उतरतो. आणि एकच तार दोघांनी वापरली तर स्पर्धा उरते ती केवळ वेचक ग्राहकांसाठी.

याच काळातील आणखी एक धडा पक्षकार्यकर्त्यांनी विसरता कामा नये. जून २००९ मध्ये उपनगरांतील दरवाढीविरुद्ध मोठा जनक्षोभ उसळला. जवळजवळ सर्व पक्ष रस्त्यावर आले, आणि जुलैमध्ये दरवाढीला स्थगिती मिळाली. विजयाच्या घोषणा झाल्या. परंतु थांबवलेली दरवाढ माफ झालेली नव्हती. वसूल न झालेला खर्च कंपनीच्या वहीत येणे म्हणून लिहिला गेला, त्यावर व्याज चढले, आणि पुढील वर्षांत तो वेगळा आकार म्हणून बिलात परत आला. त्यातील वाटा कंपनी सोडून गेलेल्यांनाही चुकला नाही. हिशेबाच्या वह्या न तपासता मिळवलेली स्थगिती ही उधारी ठरते. आंदोलनाने कंपनीच्या खर्चाची छाननी पदरात पाडून घेतली नाही, तर मोर्चातील माणसालाच ती रक्कम व्याजासह फेडावी लागते.

येथवरच्या विवेचनाचा अर्थ असा घेऊ नये की, कंपनी बदलणारे कुटुंब स्वार्थी आहे. तसे म्हणणे अन्यायाचे होईल. कित्येक वर्षे उपनगरी ग्राहकाला एकाच खासगी मक्तेदाराच्या दारात उभे राहावे लागत होते. मीटरची तक्रार असो की फुगलेल्या बिलाची, दाद मागण्यास दुसरे दार नव्हते. निघून जाण्याचा हक्क मिळाल्यावर त्या मक्तेदाराला ग्राहकाचे ऐकून घेणे भाग पडले, ही वस्तुस्थिती नाकारण्यात अर्थ नाही. सार्वजनिक क्षेत्राच्या पुरस्कर्त्यांनीही अंतर्मुख व्हावयास हवे. राज्य वीज मंडळातील गळती, चोरीकडे केलेली डोळेझाक आणि ग्राहकाशी वागण्यातील बेफिकिरी यांनी खासगीकरणाचा रस्ता सुकर केला. सार्वजनिक मालकी म्हणजे आपोआप लोकसेवा, हे समीकरण ज्यांनी न तपासता मांडले, त्यांचाही त्यात वाटा आहे. तेव्हा एका खासगी कंपनीकडून दुसऱ्या खासगी कंपनीकडे जाणाऱ्या कष्टकरी कुटुंबाला तत्त्वाच्या नावाने महाग बिल भरावयास सांगण्याचा अधिकार कोणत्याही पक्षाला नाही. ज्याच्या घरात महिनाअखेरीस शंभर रुपयांची ओढाताण आहे, त्याने ते शंभर रुपये वाचवावेत.

मात्र ते खरोखर वाचतात की नाही, हे पाहण्यास कार्यकर्त्याने त्याला मदत केली पाहिजे. त्यासाठी कंपनीच्या प्रतिनिधीच्या तोंडी आश्वासनावर विसंबू नये. मागील बारा महिन्यांची बिले समोर ठेवावीत. उन्हाळ्याचा एकच महिना पाहून फसगत होते. कुटुंबाचा वापर कोणत्या टप्प्यात, म्हणजे बिलावर ज्याला स्लॅब म्हणतात त्यात, किती महिने राहतो हे पाहावे. एखादी कंपनी खालच्या टप्प्याला स्वस्त आणि वरच्या टप्प्याला महाग असू शकते. शिवाय हा क्रम वर्षागणिक आयोगाच्या आदेशांप्रमाणे बदलत आलेला आहे. नुसत्या वीज आकाराची तुलना करू नये. स्थिर आकार, वहन आकार, इंधन समायोजन आकार आणि लागू असल्यास अधिभार यांची बेरीज करावी, आणि त्यावर वीज शुल्क चढते हे लक्षात ठेवावे. शंभर युनिटांखालील कुटुंबात स्थिर आकाराचा भाग मोठा असल्यामुळे युनिटच्या दरातील थोडा फरक पुष्कळदा नगण्य ठरतो. जुनी थकबाकी आधी फेडावी लागेल, नव्या कंपनीकडे अनामत भरावी लागेल आणि जुनी अनामत परत मिळविण्याचा पाठपुरावा करावा लागेल, हेही त्या हिशेबात धरावे. एवढे करून वर्षाकाठी लक्षणीय रक्कम वाचत असेल तर बदल करावा. वाचत नसेल तर शेजाऱ्याने केला म्हणून करू नये.

या मुभेचा उपयोग ज्यांना मुळीच करता येत नाही, अशांचाही एक मोठा वर्ग आहे. वस्तीतील भाडेकरूचे मीटर घरमालकाच्या नावावर असते. पोटमीटरवर, किंवा मधल्या माणसाला दिव्यामागे आणि पंख्यामागे ठराविक रक्कम देऊन जो राहतो, त्याला आयोगाचा कोणताच दर लागू पडत नाही. मधला माणूस सांगेल तो दर. स्पर्धेचा लाभ त्याच्या उंबऱ्यापर्यंत येत नाही. कायद्याच्या ४३व्या कलमाने मागणी करणाऱ्या प्रत्येक रहिवाशाला वीज देण्याचे बंधन परवानाधारकावर घातलेले आहे. या वर्गाला त्याच्या स्वतःच्या नावाचे मीटर मिळवून देणे हे कंपनी बदलून देण्याहून कितीतरी अधिक मोलाचे काम आहे.

उपनगरांतील या अनुभवाकडे मुंबईपुरता अपवाद म्हणून पाहण्याची सोय आता राहिलेली नाही. २०२२ च्या ऑगस्टमध्ये लोकसभेत मांडलेल्या विद्युत दुरुस्ती विधेयकात एकाच क्षेत्रातील अनेक परवानाधारकांनी एकच जाळे वापरण्याची तरतूद होती. विरोधामुळे ते स्थायी समितीकडे गेले आणि २०२४ मध्ये त्या लोकसभेबरोबरच संपुष्टात आले. परंतु ऑक्टोबर २०२५ मध्ये केंद्रीय ऊर्जा मंत्रालयाने प्रसृत केलेल्या नव्या मसुद्यात ही कल्पना पुन्हा अवतरली. दरम्यान महाराष्ट्रात भांडुप, मुलुंड, ठाणे, नवी मुंबई, पनवेल, उरण या महावितरणच्या पट्ट्यासाठी अदानी समूहाच्या कंपनीने समांतर परवाना मागितला. त्याविरुद्ध वीज कर्मचारी, अभियंते व अधिकारी यांनी जानेवारी २०२३ मध्ये ७२ तासांचा संप पुकारला आणि ४ जानेवारीला सरकारशी झालेल्या वाटाघाटींनंतर तो मागे घेतला. हे कामगार केवळ स्वतःच्या नोकरीसाठी लढत होते, असे म्हणणे वस्तुस्थितीला धरून नाही. ठाणे आणि नवी मुंबई येथील कारखाने, कार्यालये व सुस्थित वसाहती यांच्या बिलांतून मिळणाऱ्या जादा उत्पन्नावर विदर्भ-मराठवाड्यातील शेतीपंपांचा आणि खेड्यातील दिव्याचा दर काही अंशी उभा आहे. तो पट्टा वेचून नेला, तर वर मांडलेल्या उदाहरणातील ८० कुटुंबांच्या जागी सारा ग्रामीण महाराष्ट्र येईल.

बेस्टच्या हद्दीतील गोष्टही अशीच आहे. तेथे दीर्घ काळ विजेच्या वरकडातून बससेवेची तूट भरून निघत असे. कुलाब्यापासून माहीम-शीवपर्यंतच्या मोठ्या ग्राहकांचे बिल गिरणगावातील कामगाराच्या बसभाड्याला हातभार लावी. असा मोठा ग्राहक जेव्हा टाटांची स्वतंत्र तार घेतो, तेव्हा त्याचा परिणाम शेवटी बसथांब्यावरील रांगेपर्यंत पोहोचतो. म्हणून खासगीकडून खासगीकडे जाणे आणि सार्वजनिक संस्था सोडून खासगीकडे जाणे या दोहोंत कार्यकर्त्याने स्पष्ट भेद केला पाहिजे. पहिल्यात प्रश्न घरखर्चाचा आहे. दुसऱ्यात, ज्याला परवडते त्याने, आणि पक्षाच्या सभासदाने तर अवश्य, थोडी झीज सोसून महापालिकेच्या संस्थेबरोबर राहावे अशी अपेक्षा रास्त आहे. गरिबाकडून मात्र ही अपेक्षा करू नये. त्याच्या घराचा दर परवडणारा ठेवणे ही महापालिकेची आणि शासनाची जबाबदारी आहे, आणि ती त्यांच्या गळी उतरविणे हे पक्षाचे काम आहे.

घरगुती ग्राहकाला पूर्ण निवड दिल्यास बाजार आपोआप शिस्त लावील, असे ज्यांना वाटते त्यांनी ब्रिटनकडे पाहावे. तेथे १९९९ पर्यंत प्रत्येक घराला पुरवठादार निवडण्याचा हक्क मिळाला होता. सतरा वर्षांनी, २०१६ साली, तेथील स्पर्धा नियामकाच्या चौकशीत आढळले की, सहा मोठ्या कंपन्यांचे सुमारे ७० टक्के घरगुती ग्राहक कोणताही करार न निवडता कंपनीच्या नेहमीच्या महाग दरावर पडून होते. हिशेब मांडण्यास सवड आणि साधने असणारा निवड करीत होता. वृद्ध आणि गरीब जागच्या जागी राहून जादा किंमत मोजीत होते. अखेर २०१९ च्या जानेवारीत दराला सरकारी कमाल मर्यादा घालावी लागली. २०२१ मध्ये वायूचे भाव भडकताच अल्प भांडवलावर उभ्या असलेल्या जवळपास तीस कंपन्या कोसळल्या. त्यांचे ग्राहक इतरांकडे सोपविण्याचा खर्च देशातील सर्व घरांच्या बिलांवर पसरला, आणि ‘बल्ब’ ही मोठी कंपनी सरकारला सार्वजनिक पैशावर चालवावी लागली. नफ्याच्या वेळी बाजार आणि तोट्याच्या वेळी समाज, हा नियम तेथेही चुकला नाही.

वीज ही विकासाची पूर्वअट आहे. ती स्वस्त व मुबलक असली पाहिजे आणि तिची सूत्रे शासनाच्या हाती असली पाहिजेत, असा विचार डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांनी १९४२ ते १९४६ या काळात व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळात श्रम खाते सांभाळताना मांडला होता. १९४८ च्या कायद्याने राज्य वीज मंडळांची उभारणी झाली ती याच दिशेने. त्या मंडळांचे दोष दूर करण्याऐवजी मंडळेच मोडीत काढण्याचा मार्ग पुढे पत्करला गेला. आजच्या परिस्थितीत मागण्या नेमक्या असाव्यात. तारांचे जाळे ही नैसर्गिक मक्तेदारी आहे, तेव्हा ते सार्वजनिक मालकीचे असावे. घरगुती वापराच्या पहिल्या शंभर युनिटांना शहरात कोणाचीही वीज असली तरी एकच दर असावा, म्हणजे गरिबाला कंपनी शोधत फिरण्याची गरजच उरणार नाही. समांतर परवाना घेणाऱ्यावर सर्व वस्त्यांना आणि सर्व टप्प्यांना सेवा देण्याचे बंधन असावे, आणि वेचक ग्राहक नेणाऱ्याकडून अधिभार पूर्णपणे वसूल व्हावा. बेस्टच्या बससेवेची तूट महापालिकेच्या अर्थसंकल्पातून भरली जावी.

या मागण्या पुढे रेटण्याचे स्थान केवळ मैदान नव्हे. दरवाढीचा प्रस्ताव अर्जदार कंपनीने जाहीर करणे आणि त्यावर लोकांच्या हरकती आयोगाने विचारात घेणे कायद्याच्या ६४व्या कलमाने बंधनकारक आहे. ग्राहकांच्या वतीने प्रतिनिधी नेमण्याची तरतूद ९४व्या कलमात आहे. या जनसुनावण्यांत कंपन्यांचे वकील आणि सनदी लेखापाल पूर्ण तयारीने येतात, मोठ्या उद्योगांचे सल्लागार येतात. चाळीतील ग्राहकाची खुर्ची बहुधा रिकामी असते. ती भरण्यासाठी फार मोठ्या विद्वत्तेची गरज नाही. प्रत्येक शाखेने आपल्या वस्तीतील पन्नास कुटुंबांची बारा महिन्यांची बिले गोळा करावीत, वापर आणि आकार यांचा तक्ता करावा, आणि पुढील दरप्रस्ताव जाहीर होताच लेखी हरकत नोंदवून सुनावणीस हजर राहावे. कंपनी बदलावी का, असे विचारणाऱ्या गृहिणीला तोच तक्ता दाखवून उत्तर द्यावे, आणि सुनावणीच्या दिवशी तिलाही बरोबर न्यावे.